तिसरा चार

आत्या आल्या त्या बॅग घेऊनच. दुपारच्या चहाला कोणी बॅग घेऊन येत नाही, आणि आणलीच तर ती दारात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल अशी ठेवत नाही. धाकट्या सुनेनं नऊ महिन्यांच्या बाळाला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मनाशी म्हटलं, आज काही खरं नाही.

"बॅग आत ठेवू का, आत्या?"

"राहू दे इथंच. आत ठेवलीस आणि सापडली नाही, तर पुन्हा नाव माझंच."

सुनेनं ओठ आवळले, कारण हसू येत होतं आणि हसायची ही वेळ नव्हती. ह्या घरात वस्तू हरवत नसत. त्या आत्याकडे जात. किल्ली आत्याकडे गेली, छत्री आत्याकडे गेली, विजेचं बिल आत्याकडे गेलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात तिनं सरळ फोन लावून विचारलं होतं, "आत्या, आपली मोठी कात्री तुमच्याकडे आलीय का हो?" मग आत्या म्हणाल्या, "नवीन आहेस म्हणून सोडते."

हे सगळं एका पाटीमुळं. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या, चारचा आकडा रंगवलेल्या, पत्र्याच्या एका पाटीमुळं.

मैदानाच्या कोपऱ्यातला लाकडी धावफलक ह्या घरानं तीन पिढ्या चालवला. आधी तिच्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे वडील, मोठे आबा. मग आबा. आणि आता मोठे भाऊजी. फक्त त्यांच्या वेळेपर्यंत पाट्या गेल्या होत्या, दिव्यांचा पडदा आला होता, आणि ते थंडगार खोलीत बसून एका बोटानं धावा वाढवत. जुना फलक म्हणजे दुमजली खोकंच. आत शिडी, समोर खिडक्या, खिडक्यांना हुक. खालच्यानं पाटी काढून द्यायची, वरच्यानं टांगायची. प्रत्येक आकड्याच्या तीन पाट्या. 'त्या दिवशी' वर होते आबा, आणि खाली पाट्या द्यायला अठरा वर्षांच्या आत्या.

त्या दिवशी म्हणजे कुलूपनं षटकार मारला त्या दिवशी. हे घर सोडा, सगळा देश त्या दिवसाला नुसतं 'त्या दिवशी' म्हणायचा. कसोटीचा शेवटचा दिवस, शेवटची जोडी, शेवटचा चेंडू, जिंकायला दोन धावा. खेळायला कोण, तर कुलूप. क्रीजवर एकदा उभा राहिला की दार बंद. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी चाळीसवर असायचा. त्यानं जन्मात कधी चेंडू हवेत मारला नव्हता. आणि त्यानं दोन पावलं पुढे टाकून चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. दोन पुरत होत्या, सहा घेतल्या. रेडिओवाला ओरडला, "ह्याला विजय नको होता, ह्याला मान हवा होता!" वीस वर्षं हरायलाच निघणारा आपला संघ त्यानंतर दहा वर्षं कुणाच्या बापाला घाबरला नाही.

त्या दहा वर्षांवर क्रिकेट मंडळ एक जाडजूड पुस्तक काढत होतं. ते लिहिणारे गृहस्थ महिनाभर फोन करत होते, त्यामुळं घरात त्यांचं नाव दशकवाले पडलं होतं. गुरुवारी त्यांचा फोन आला. एक जुना फोटो सापडलाय म्हणाले. चेंडू हवेत, बॅट खांद्यावर, आणि मागे फलक. फलकावर दोनशे सदतीस. खरा आकडा हवा होता दोनशे एकेचाळीस.

"म्हणजे फलकाप्रमाणे दोन नाही, सहा धावा हव्या होत्या. हे कसं काय, आबा?"

आबांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "आमच्या बहिणीनं पाटी हरवली. लहान होती हो."

दशकवाल्यांनी लिहून घेतलं. रविवारी चारला येतो म्हणाले, फोटो दाखवतो, आणि घरच्यांची हरकत नसेल तर असंच छापतो.

आत्यांची हरकत होती.

"घरात म्हणालास तोवर ठीक होतं, दादा," आत्या खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या. "आता छापून येणार. लायब्ररीत राहणार. माझी नातवंडं वाचणार."

"तुझी नातवंडं वाचतात कुठं?"

"विषय बदलू नकोस."

"बरं, नाही बदलत. मी वरून ओरडलो, चार दे. तू दिलास?"

"नाही दिला."

"का?"

"नव्हता म्हणून!"

"नव्हता म्हणजे हरवला होता."

"मी नाही हरवला!"

"मग त्याला काय पाय फुटले?"

दोघं कुठं अडखळत नव्हते. सुनेच्या लक्षात आलं, हे संवाद बेचाळीस वर्षांत इतके मुरलेत की दोघांपैकी एकानं सुट्टी घेतली तर दुसऱ्यानं दोन्ही बाजू म्हटल्या असत्या. पण आज आत्यांचा आवाज शेवटच्या वाक्याला किंचित फाटला. आबांना ते ऐकू आलं नाही. तिला आलं.

मोठे भाऊजी मधे पडले. ते कुठल्याही भांडणात पडत ते मंडळाचं पत्रक वाचून दाखवल्यासारखे. "मला असं वाटतं, कोणी हरवली हा मुद्दाच काढू नये. तांत्रिक अडचण म्हणावं. पडदा बंद पडला की आम्ही तेच म्हणतो."

"पत्र्याच्या पाटीला कसली रे तांत्रिक अडचण?"

"आत्या, पुढच्या महिन्यात जुन्या फलकाच्या जागेला आबांचं नाव देणारेत. तीन वर्षं खेटे घातलेत मी. आयत्या वेळी चुकीचा आकडा, हरवलेली पाटी... माझ्या हातून आजवर एक धाव इकडची तिकडे झालेली नाही, आणि आपल्याच घराच्या नावावर हे?"

"म्हणजे तू माझ्याविरुद्ध."

"मी कुणाच्याच विरुद्ध नाही. मी फलकाच्या बाजूनं आहे."

"आत्यांचं बरोबर आहे," सुनेचा नवरा म्हणाला, कारण सकाळीच मोठ्या भावानं त्याला गाडी वाकडी लावल्याबद्दल झापलं होतं. आबांनी त्याच्याकडे बघितलं. "आबांचंही बरोबर आहे," तो म्हणाला आणि त्यानं केकचा तुकडा तोंडात टाकून पुढची जबाबदारी टाळली.

एरवी अशा वेळी सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. आज त्या केक कापत होत्या. आधीच कापलेल्या तुकड्यांचे आणखी तुकडे करत होत्या. सुनेनं ते पाहिलं आणि नोंद घेतली. बाळ झाल्यापासून तिला हे लागलंच होतं. कुणाच्या हातात गरम कप आहे, कुठलं टेबल डुगडुगतं, कोण बोलायचं थांबलंय. घरातल्या सगळ्या टोकदार कोपऱ्यांना तिनं जुन्या चादरीच्या पट्ट्या बांधल्या होत्या, त्यावरून सासूबाई रोज एकदा तरी म्हणायच्या, "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? पट्ट्या नाही लागल्या आम्हाला. नजर हटू दिली नाही, झालं." पण गॅलरीच्या कठड्याला खाली एक गज तुटून फट पडली होती आणि बाळ रांगायला लागलं होतं. ही सून दोन रात्री झोपली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर फटीवर काळ्या पत्र्याचा तुकडा, सुतळीनं घट्ट बांधलेला. कोणी बांधला, हे सासूबाई बोलल्या नाहीत, आणि हिनंही आभार मानून त्यांना अवघडवलं नाही.

बेल वाजली.

दशकवाले आत आले, त्यांच्यामागून एक उंच, पोक आलेला म्हातारा आला. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, हातात टोपी. मोठे भाऊजी इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली.

"कुलूपसाहेब!"

"बसा, बसा," म्हातारा म्हणाला. "मी आपला ह्यांच्याबरोबर आलो. फोटो बघितल्यापासून झोप नाही. म्हटलं, पाटी कोणी टांगली ते तरी बघून यावं."

"टांगली मी," आबा म्हणाले. "हरवली हिनं."

"दादा!"

आबांचा चेहरा उजळला होता. फलकातून ज्याची नुसती पाठच बघितली त्याचं तोंड आज समोर होतं. पाच मिनिटांत गप्पा रंगल्या. कुलूपच्या त्या षटकारानंतर काय काय झालं ते दशकवाले सालांवरून सांगत होते आणि आबा पाट्यांवरून. "त्याआधी आमच्याकडे शून्याची पाटी झिजायची बघा. दरवर्षी शून्य नव्यानं रंगवायचा. आणि बळींच्या खिडकीचा हुक, तो तर सारखा तुटायचा, एवढी घाई! त्या षटकारानंतर पहिल्याच हंगामात पाचाचा रंग उडाला. पाचशेच्या खाली कोणी थांबेना. वडिलांनी पाचाच्या दोन पाट्या जास्त करून घेतल्या, तेव्हा मंडळाचा कारकून म्हणाला होता, एवढे पाच तुमच्या जन्मात लागायचे नाहीत."

"परदेशात पहिली मालिका जिंकलो ते..." दशकवाल्यांनी वही चाळली.

"माझ्या लग्नाच्या वर्षी," आत्या म्हणाल्या. "लग्नात नवरा मुलगा सोडून सगळे रेडिओपाशी. थोड्या वेळानं तोही गेला."

"आणि दशक संपलं ते त्रेपन्न सर्वबादवर."

"तेव्हा पुन्हा शून्य रंगवला," आबा म्हणाले. सगळे हसले. कुलूपसाहेब हसले नाहीत. ते टेबलावरच्या फोटोकडे बघत होते.

"फलकावर सदतीसच होतं?" त्यांनी विचारलं.

"सदतीसच. सांगतो ना. चाराच्या पाट्या तीन. एक अडकली लक्ष्यात, दोनशे त्रेचाळीस. दुसरी तुमच्या नावापुढं, तुम्ही चौसष्टवर. आदल्या चेंडूला चार बाईज गेल्या, सदतीसचे झाले एकेचाळीस, लागला तिसरा चार. मी ओरडतोय, चार दे, चार दे! खाली ही नुसती ढिगात हात घालतेय. आता नुसता सातचा एक केला तर दोनशे एकतीस दिसणार. म्हणून मी सदतीस तसाच ठेवला, म्हटलं मिळेल. तेवढ्यात तुम्ही..."

"हो. तेवढ्यात मी," कुलूपसाहेब म्हणाले.

"आणि गंमत म्हणजे तुमचे झाले सत्तर, त्यातला चार सुटला, तोच मी वर टांगला. दोनशे सत्तेचाळीस! तिसऱ्या चाराची गरजच संपली. लोकांना काही कळलं नाही. आम्हालाच माहीत, हिनं..."

"पुरे आता," आत्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. त्यांनी दशकवाल्यांकडे वळून विचारलं, "माझं नाव कुठल्या पानावर येणार?"

दशकवाले अवघडले. "तळटीप आहे हो. बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात," आत्या म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या. तो स्वच्छच होता.

सुनेनं बाळाला नवऱ्याकडे दिलं आणि वाळत घातलेली लाळेरी आणायला ती गॅलरीत गेली. खरं तर तिला कुठंतरी जायचं होतं, एवढंच. एक लाळेरं वाऱ्यानं कठड्याबाहेर लोंबकळत होतं. ते ओढायला ती वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिला तो पत्र्याचा तुकडा बाहेरच्या बाजूनं दिसला. समोर गोदामाची आंधळी भिंत, तिकडून बघणारं कोणी नाही. पत्र्याच्या वरच्या कडेला हुकासाठी दोन भोकं. आणि मधोमध, वरून खाली बघितल्यामुळं उलटा, पांढऱ्या रंगात हातभर उंचीचा चार.

ती सरळ उभी राहिली. मागे वळली. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई रिकामा ट्रे घेऊन उभ्या होत्या, आणि त्या तिच्याकडेच बघत होत्या.

आतून आबा म्हणत होते, "मुलगी हुशार होती हो, फक्त वेंधळी."

सून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"आई, चार सापडला."

"हळू बोल."

"तुमच्याकडं होता? एवढी वर्षं?"

"गादीखाली होता. मग पेटीत. फेकवेना गं." सासूबाईंनी उगीचच गॅस मोठा केला, मग बारीक केला. "ह्यांचा डबा घेऊन गेले होते मी. मोठा कडेवर. मोठ्या आबांचा नियम होता, पोरंबाळं फलकात आणायची नाहीत. म्हणून मागच्या दारानं शिरले आणि शिडीखाली बसले. वन्सं वर बघत होत्या, त्यांना पत्ता नाही. हा नुकताच रांगायला लागलेला. कोपऱ्यात खालच्या फळीला भोक, पोर आरपार जाईल एवढं. पलीकडे पुरुषभर खोल नाला. तुला सांगते, माझी नजर एकदाच हटली. बघते तर हा अर्धा आत. पायाला धरून ओढला, आणि हाताला आली ती पाटी भोकावर दाबून बसवली."

"तीच चार?"

"मी काय आकडा बघत बसले होते?" एवढं एकच वाक्य त्यांनी नेहमीच्या आवाजात म्हटलं. मग पुन्हा आवाज खाली गेला. "मग वरून ओरडा सुरू झाला, चार दे. तेव्हा कळलं. पण हा पाटीला पाठ लावून गप्प बसला होता. उचलला की भोकाड पसरणार, आणि मोठे आबा दाराबाहेर. म्हटलं एक मिनिट जाऊ दे. ते मिनिट जाईपर्यंत षटकार बसला, सगळा गाव नाचायला लागला. आता कुणाला जाऊन सांगू? संध्याकाळी पाटी दुपट्यात गुंडाळून घरी आणली."

"आणि आत्यांना बोलणी बसली."

"पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. मग त्याची थट्टा झाली. थट्टेत कुठं सांगायचं?" सासूबाई थांबल्या. "आणि तू आता मला रोज ऐकवशील. नजर हटू दिली नाही म्हणे."

सुनेच्या मनात ते आलंच होतं. खोटं कशाला बोला? क्षणभर तिला आपल्या सगळ्या पट्ट्या डोळ्यांपुढं दिसल्या आणि पुढची वीस वर्षं कशी निवांत जातील तेही दिसलं. पण त्याच वेळी तिला शिडीखाली बसलेली चोवीस वर्षांची एक बाई दिसली, एका हातानं पोराचं तोंड दाबलेली, दुसऱ्या हातानं पाटी. ती बाई तिच्या ओळखीची होती.

"मी नाही ऐकवणार," ती म्हणाली. "पण मी सांगणारही नाही. तुम्ही सांगायचं. चहा व्हायच्या आत ठरवा, आई. ते गेले की छापून येईल."

"तोंडानं नाही जमायचं मला. ह्यांच्यासमोर, साहेबांसमोर..."

सून गॅलरीत गेली. भाजी कापायच्या सुरीनं तिनं सुतळी कापली, पाटी आत आणली, ओल्या फडक्यानं पुसली आणि ओट्यावर आडवी ठेवली. मग त्यावर एकेक कप मांडला. सात कप. आकडा पुरता झाकला गेला. सासूबाईंनी पाटीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"भारी कारटी आहेस," त्या म्हणाल्या आणि पाटी उचलली.

बाहेर दशकवाले वही मिटत होते. सासूबाईंनी पाटी टेबलावर ठेवली. कुणी कप कशावरून आले ते बघितलं नाही, बघतं कोण? कुलूपसाहेबांनी पहिला उचलला. मग दशकवाल्यांनी, मग धाकट्यानं. भाऊजींनी उचलला तेव्हा चाराची खालची शेपटी मोकळी झाली. आत्यांनी आपला कप उचलला, तोंडापाशी नेला आणि तिथंच थांबवला.

"वहिनी," त्या म्हणाल्या. "हे काय?"

आबांनी उरलेले दोन कप बाजूला सारले. बोटानं त्यांनी हुकाचं उजवं भोक चाचपलं, ते डाव्यापेक्षा मोठं होतं, घासून घासून झालेलं. "माझा आहे," ते म्हणाले. "हा माझा तिसरा चार आहे."

"मी घेतला होता," सासूबाई म्हणाल्या. "वन्संनी नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात सांगितलं होतं तसंच, फक्त ह्या वेळी उभ्यानं, आणि आत्यांकडे बघत. भोक, नाला, मोठे आबा, दुपटं. मधे बाळानं दोनदा टाळी वाजवली.

"पोराला उचलून पाटी द्यायची नाही का?" शेवटी आत्यांनी विचारलं.

"द्यायची होती, वन्सं. नाही दिली."

"बेचाळीस वर्षं. माझ्या लग्नात ह्यानं सासऱ्यांना सांगितलं, मंगळसूत्र हिच्याकडं देऊ नका, हरवेल."

"मी असं म्हणालो होतो?" आबा म्हणाले.

"माइकवर म्हणालास."

आबांनी खाली बघितलं. मग त्यांनी केकची बशी उचलली, त्यातल्या तुकड्यांच्या तुकड्यांतला सगळ्यात मोठा शोधला आणि बहिणीच्या पुढं धरला. माफी मागायची आबांची ही पद्धत आहे हे आत्यांना ठाऊक असावं, कारण त्यांनी तो लगेच घेतला नाही. त्याला धरून ठेवायला लावला. हात चांगला भरून येईपर्यंत.

एवढ्यात कुलूपसाहेब हसायला लागले. आधी आवाज न करता, नुसते खांदे. मग मोठ्यानं.

"मला वाटलं, माझे डोळे गेले," ते म्हणाले. "आदला चेंडू पायाजवळून मागं गेला. डोळ्यांत धूळ. सीमेवर कोणीतरी त्यावर आडवा झाला, अडवला की गेला, दिसलं नाही. जोडीदाराला विचारावं, तर तो अकरावा, तो डोळे मिटून देवाचा धावा करत होता. मी फलक बघितला. सदतीस. म्हटलं, अडवला. सहाच हव्यात. मारला. आत गेलो तर सगळे म्हणतात, वेड्या, दोनच हव्या होत्या, काय तुझी छाती! वळून बघतो तर फलकावर सगळं बरोबर. मग मला एकट्यालाच सदतीस कसं दिसलं?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. म्हणाला, डोळे गरुडासारखे आहेत. दुसऱ्याकडं गेलो, तोही तेच म्हणाला. तिसऱ्यानं कंटाळून हा करून दिला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साधी काच आहे. दोन वर्षांनी खेळणं सोडलं. लोक म्हणाले, शिखरावर असताना सोडलं. मला आपली भीती, पुन्हा कधी चुकीचं दिसलं तर? तुमचं ते सगळं दशक मी प्रेक्षकांत बसून बघितलं हो. साध्या काचेतून."

कोणी हसावं की नाही, कुणालाच कळेना. मग ते स्वतःच म्हणाले, "आता हा रांगणारा कोण, ते तरी दाखवा."

सगळ्यांनी मोठ्या भाऊजींकडे बघितलं.

भाऊजी त्रेचाळीस वर्षांचे होते, डोक्यावरचे केस मागं सरकलेले, खिशाला मंडळाचा बिल्ला. त्यांच्या हातून आजवर एक धाव इकडची तिकडे झालेली नव्हती. "मी तेव्हा एक वर्षाचा होतो," ते म्हणाले. "माझं मत आहे की ह्याची नोंद तांत्रिक अडचण अशीच व्हावी."

"लिहा," आत्या दशकवाल्यांना म्हणाल्या. "ही तांत्रिक अडचण रांगत होती, असं लिहा. आणि माझं नाव काढू नका बरं का. राहू दे. 'हिनं पाटी हरवली नाही' असं छापा. आणि बारीक अक्षरात नको."

दशकवाल्यांनी खरंच लिहून घेतलं. कुलूपसाहेबांनी जाताना भाऊजींचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ हलवले. "एवढं मोठं दशक," ते म्हणाले, "आणि सुरुवात तू केलीस होय!" भाऊजींनी आनंद मानावा की अपमान, हे त्यांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत ठरलं नाही.

पाहुणे गेले. कप विसळून झाले. बाहेर अजून ऊन होतं. फोन वाजला, आबांनी घेतला.

"दशकवाले," ते म्हणाले. "साहेबांचा चष्मा इथं राहिलाय. गरज नाही म्हणतात, पण नाकाला चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

टेबलावर चष्मा नव्हता. खुर्चीवर नव्हता. आणि त्याच क्षणी सुनेच्या लक्षात आलं की पाटी आपणच सोडून आणली होती, म्हणजे गॅलरीतली फट उघडी आहे, आणि नवऱ्याच्या मांडीवर बाळ नाही.

ती पळाली.

गॅलरीत बाळ बसलेलं होतं. त्याच्यापुढं फटीवर पाटी होती, नव्या सुतळीनं, दुहेरी गाठींनी बांधलेली, आणि ह्या वेळी आकडा आतल्या बाजूला. कप विसळायच्या आधीच कुणीतरी बांधून टाकली होती. सासूबाई शेजारी पाटावर बसून शांतपणे पोराकडे बघत होत्या. बाळाच्या हातात जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता आणि ते तो चारावर आपटत होतं, ठण, ठण, ठण.

"नजर आहे माझी," सासूबाई म्हणाल्या. "आणि पट्टीपण बांधलीय."

सुनेला इतका वेळ अडवून धरलेलं हसू एकदम आलं.

आत आबांना हे काही दिसत नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवला होता आणि सवयीनं तोंड उघडलं होतं. "सापडत नाही म्हणजे गेला असणार आ..."

आत्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हनुवटी वर. सगळं घर आबांच्या तोंडाकडे बघत होतं. आबांनी एकदा आत्यांकडे बघितलं. मग फोनवरचा हात काढला.

"आमच्या मोठ्याकडं गेला असेल," ते म्हणाले. "बघून कळवतो."

आत्या उठल्या. दारातली बॅग त्यांनी उचलली, स्वतःच आतल्या खोलीत नेली, आणि चेन उघडल्याचा आवाज आला.

"अगं," त्या आतून सुनेला हाक मारत म्हणाल्या, "कपाटातला एक कप्पा रिकामा करून दे. राहतेय मी आठवडाभर."